बिनटोपीचे कान

आमच्या कारखान्यात कँटीनच्या दाराशी एक फळा आहे. ज्यानं नियम मोडला त्याचं नाव, विभाग आणि गुन्हा दर सोमवारी त्यावर खडूनं लिहितात, म्हणजे भाताचं ताट हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सातशे माणसांना वाचायला काहीतरी मिळतं. मी इथे लागल्यापासून त्या फळ्यावर वेई सुइलान हे नाव नाही असा आठवडा मला फारसा आठवत नाही. विभाग : श्रवण. गुन्हा : टोपी. बाकीचे लोक आपलं नाव दिसलं की मान खाली घालून पुढे सरकतात. वेईताई थांबायची, नाव नीट वाचायची आणि एखादी रेघ चुकली असेल तर बोटानं पुसून स्वतः दुरुस्त करायची. "बदनामी करायची तर अक्षर तरी धड काढा," म्हणायची.

मी तेंग, हूनान प्रांतातला. डोंगगुआनच्या या हेडफोनच्या कारखान्यात मोजमापाची खोली माझ्याकडे आहे. खोलीत एक रबरी डोकं आहे. त्याच्या कानांवर हेडफोन चढवायचा, यंत्र सुरू करायचं, की पडद्यावर रेघ उमटते : खालचा आवाज किती, मधला किती, वरचा किती. त्या डोक्याला पगार नाही, बायकापोरं नाहीत आणि मालकाची भीतीही नाही. मला हे सगळं आहे. म्हणून ही हकीकत सांगताना माझा स्वतःचा भाग मी झाकून ठेवणार नाही. तो काही फार शोभेचा नाही.

वेईताईचं काम ऐकण्याचं. आमच्याकडे प्रत्येक हेडफोन पॅकिंगला जाण्याआधी माणूस कानानं तपासतो. लाकडी खोक्याएवढी खोली, आतून गादी लावलेली, एक स्टूल, एक दिवा. यंत्र खालपासून वरपर्यंत एक सूर दोन सेकंदांत ओढून नेतं, आणि त्या दोन सेकंदांत कुठे खरखर, कुठे कुरकुर आहे का ते सांगायचं. चांगला डावीकडे, वाईट उजवीकडे. दिवसाला दोन-अडीच हजार. पोरी सहा महिने टिकतात, मग डोकं धरून दुसरं काम मागतात. वेईताई तेवीस वर्षं टिकली.

ती ग्वांगशीच्या डोंगरातली, च्वांग लोकांतली. त्यांच्या गावात नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात काशाचे ढोल टांगून वाजवतात. एक माणूस ढोल बडवतो, आणि दुसरा त्याच्या उघड्या तोंडामागे लाकडाची बादली धरून ती पुढे-मागे करत राहतो. बादली जवळ नेली की आवाज फुगतो, लांब नेली की सुकतो, आणि मधे कुठेतरी एक जागा असते जिथे तो पोटात उतरतो. बादली धरणं पुरुषांचं काम. वेईताईच्या बापाचा हात मोडला त्या वर्षी तिनं ती धरली. म्हातारे ओरडले, तरी तिनं सोडली नाही, आणि पुढची चार वर्षं तीच धरत होती. हे मला तिनंच सांगितलं, कँटीनमध्ये, आंबवलेले बांबूचे कोंब घातलेल्या शेवया ओरपत. त्या शेवयांच्या वासानं तिच्या टेबलाशी सहसा कोणी बसत नसे, त्यामुळे निवांत बोलता यायचं.

टोपीचं म्हणाल तर ती आलीच मुळी वेईताईमुळे. पंधरा वर्षांपूर्वी एका खेपेतला एक हेडफोन तिनं उजवीकडे टाकला. यंत्र म्हणालं, चांगला आहे. तेव्हाचा मोजमापवाला म्हणाला, चांगला आहे. ही म्हणाली, "आत केस आहे." उघडून पाहिलं तर आतल्या आवाज काढणाऱ्या पातळ पटलावर आडवा पडलेला खरंच एक लांब केस. मालकांनी कौतुक म्हणून तिला सगळ्यांसमोर एक थर्मास दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाच्या कुठल्याही मजल्यावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला निळी टोपी सक्तीची झाली. कडेला रबर असलेली, कपाळापासून कानामागून मानेपर्यंत चापून बसणारी. कामगार, पाहुणे, खरेदीदार, स्वतः मालक, कोणालाही सूट नाही. आमचे त्साई मालक चाओशानचे. पेल्याएवढा चहा पाजतील आणि हंड्याएवढं बोलतील, पण एकदा नियम केला की तो स्वतः आधी पाळतील. त्यांचं बिनटोपीचं डोकं कारखान्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

फक्त वेईताई आपल्या खोक्यात शिरली की टोपी काढून मांडीवर ठेवायची. कापड कानाशी सळसळतं आणि बारीक खरखर त्या सळसळीत लपते, हे तिचं म्हणणं. केसांची भीती नको म्हणून तिनं डोक्यावरचे केस अगदी पोरासारखे बारीक केले होते. "गळायला आहे काय माझ्या डोक्यावर," म्हणायची. पण नियमात असलं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून दर सोमवारी फळा.

मग आला आमचा मोठा हेडफोन. तोवर आम्ही दुसऱ्यांच्या नावाचा, स्वस्तातला माल करत होतो; कानात खुपसायचे, नाहीतर कानावर टेकायचे. मालकांच्या मनानं घेतलं की आता आपल्या नावाचा, अख्खा कान झाकणारा, अक्रोडाच्या लाकडाच्या कपांचा, सहा हजार आठशे युआनचा हेडफोन काढायचा. नाव ठेवलं 'शांत दरी'. हिवाळ्यातल्या ग्वांगझोच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता. त्यासाठी शेनझेनहून निए नावाचा मॅनेजर आणला. बत्तीस वर्षांचा, पांढरे बूट, आणि प्रत्येक वाक्यात 'बाजार'.

निएनं अकरा जणांचं ऐकणारं मंडळ नेमलं. तिसऱ्या मजल्यावरच्या ऐकण्याच्या खोलीत त्यांना रोज बसवायचं आणि मत लिहून घ्यायचं. पहिला नमुना माझ्या यंत्रावर उत्तम होता. मंडळ म्हणालं, बेस कमी आहे, ढोल वाजतोय की पुठ्ठा कळत नाही. मालकांनी ऐकलं, तेही म्हणाले, पातळ आहे. तेव्हा मी कपाच्या मागल्या भोकावरचा कागद बदलला. हा कागद विरळ लावला की खालचा आवाज वाढतो, दाट लावला की कमी होतो. हेडफोनचा सगळा स्वभाव त्या नखाएवढ्या कागदावर. पुन्हा म्हणाले, अजून हवा. पुन्हा बदलला. असं पाच वेळा झालं. शेवटी मंडळ खूश, मालक खूश, आणि माझ्या पडद्यावरची रेघ खालच्या बाजूला बैलाच्या वशिंडासारखी वर आलेली.

मी बोललो नाही. तीन आठवडे तो आलेख माझ्या खणात होता. एकदा निएला ओझरतं म्हणालो, की यंत्र जरा जास्त दाखवतंय. तो म्हणाला, "तेंगसाहेब, तुमचं रबरी डोकं हेडफोन विकत घेणार आहे का?" सगळे हसले. मीही हसलो. मुलीची शाळेची जागा नुकतीच मिळाली होती, आणि नोकरीवर ती टिकून होती. हे कारण झालं, सबब नव्हे.

आमच्याकडे रीत अशी की नवा माल बाजारात जाण्याआधी दोन हेडफोन 'पक्का नमुना' म्हणून बंद करतात. त्यावर कागदाची पट्टी चिकटवून श्रवण विभागातल्या सगळ्यांत जुन्या माणसाची सही घेतात आणि लोखंडी कपाटात ठेवतात. पुढे हजारो निघाले तरी भांडण लागलं की निवाडा त्या दोघांशी ताडून. सही होईपर्यंत एकही नमुना फाटकाबाहेर जात नाही. नक्कल करणारे टपलेलेच असतात. सही वेईताईची. तिला अजून अडीच महिन्यांनी पन्नास पुरी होत होती, म्हणजे बायकांच्या नियमानं निवृत्ती. हा तिचा शेवटचा नमुना.

तिनं हेडफोन घेतला, आपल्या खोक्यात गेली, दार लावलं. ढोलांची ध्वनिफीत तिनं लावलीच नाही. "ढोल काय, कोणालाही मोठं करतो," म्हणायची. तिची पारख करायची फीत वेगळी होती : एक म्हातारा सावकाश, खर्जात गातो आणि सोबत एक तंतुवाद्य. चाळीस मिनिटांनी बाहेर आली आणि हेडफोन टेबलावर ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

निए हसला. "ताई, नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. म्हातारा श्वास घेतो तो ऐकू येत नाही. बेस त्याच्या छातीवर बसलाय. सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही, पाहुण्यासारखा."

"अकरा जणांना आवडलाय."

"मग अकरा जणांच्या सह्या घ्या."

"बाजाराला असाच लागतो, ताई. भरदार."

"भरदार वेगळं आणि सुजलेलं वेगळं. खाली जावा की आवाज, कोण नको म्हणतंय? पण उतरला तसा परत वर यायला नको का?" मग ती माझ्याकडे वळली. "तेंग, तुझं यंत्र काय म्हणतं?"

खोलीत सहा जण होते. मालक दाराशी उभे होते. मी म्हणालो, "यंत्राचे कान रबराचे आहेत, ताई." निएचंच वाक्य मी उष्टं करून तिच्यापुढे ठेवलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आपल्या खोक्याकडे वळली. आजही ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी निएनं गुणवत्तेच्या नोंदवहीत एक ओळ लिहिली : 'श्रवण कामगार वेई सुइलान यांची ऐकण्याची क्षमता वयोमानानुसार घटल्याने त्यांचे मत धरलेले नाही.' ही ओळ का, तर तिचे कान निकामी ठरले की सहीचा हक्क विभागातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी जातो. ओळीची नक्कल तिच्या सेवापुस्तकात लागली. पुढच्या सोमवारपासून तिनं तळमजल्यावर पॅकिंगला जायचं आणि उरलेले दिवस खोकी दुमडत काढायचे असं ठरलं.

वेईताईनं ती ओळ दोनदा वाचली. मी शेजारीच होतो. पॅकिंगचं तिला काही वाटलं नाही. "खोकी तर खोकी," म्हणाली. पण ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे खोटं आहे. तेवीस वर्षं मी या कानांचं खाल्लं, आणि जाताना माझ्या कागदावर हे असणार? हे मी घेऊन जाणार नाही."

बुधवारी दुपारी जेवणानंतर सगळा कारखाना झोपला होता. आमच्याकडे तासभर दिवे मालवतात, लोक टेबलावर डोकं टेकतात, यंत्रं बंद असतात. मला झोप येईना. उठून तिच्या खोक्याशी गेलो. ती जागीच होती, तोच हेडफोन कानांवर, टोपी मांडीवर.

"माफी मागायला आलास?" ती म्हणाली.

"हो."

"मग उशिरा आलास. बैस. हे ऐक."

मी हेडफोन चढवला. म्हातारा गात होता. बेस ठीक होता, थोडा मऊ, पण ठीक. मी तसं सांगितलं.

"श्वास?"

"येतोय."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून आपल्या डोक्यावर घातला, ऐकला, परत माझ्या डोक्यावर ठेवला. "अरे, मला तर येत नाही. एकच गाणं, एकच जिन्नस. तुझ्यात आणि माझ्यात खोटं कोण बोलतंय?"

"ताई, कदाचित वय…"

"वय झालं तर वरचा आवाज आधी जातो. खालचा जास्त ऐकू यायला लागला असं कोणाचं ऐकलंयस?"

हे बरोबर होतं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. तिनं उठून माझ्या कानांवरचे दोन्ही कप तळहातांनी दाबले. बेस एकदम वाढला. सोडले, उतरला. दाबले, वाढला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"वाढतोय."

"म्हणजे गळतंय कुठूनतरी. बादली सुटलीये." तिनं दिव्याखाली माझं डोकं वाकवलं आणि कपाच्या गादीच्या कडेनं बोट फिरवत नेलं, म्हशीच्या अंगावरची गोचीड शोधावी तसं. कानामागे बोट थांबलं. तिथे माझ्या टोपीचं रबर आणि चुण्या पडलेलं कापड गादीखाली आलं होतं. तिनं टोपी धरली आणि माझ्या डोक्यावरून ओढून काढली.

गादी कातडीवर बसली. आणि मी, इंजिनियर तेंग, पहिल्यांदा तो हेडफोन ऐकला जो मी पाच वेळा कागद बदलून बनवला होता. म्हातारा पाण्याखाली गात होता. श्वास नाही, तार नाही, नुसता घुमारा. कानात कोणीतरी घोंगडी कोंबल्यासारखं झालं.

अकरा जणांचं मंडळ टोपी घालून ऐकत होतं. निए टोपी घालून. मालक टोपी घालून. जेवढं गळत होतं तेवढं आम्ही वरून ओतत होतो. लहान हेडफोन कानावर नुसता टेकतो, कानामागे पोचतच नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाला पत्ता नाही. आणि रबरी डोक्याला टोपी घालायचं कोणाला सुचणार? ते एकटंच पहिल्यापासून खरं सांगत होतं. ते, आणि फळ्यावरची ही बाई.

वेईताई हसली नाही. म्हणाली, "उद्या बैठकीत मी बोलेन. तू तुझा तो कागद घेऊन ये. आला नाहीस तरी मी बोलेनच."

गुरुवारी मी आलेख घेऊन गेलो.  ऐकण्याच्या खोलीत मंडळ, निए आणि मालक. वेईताईनं आत येतानाच टोपी काढून खिशात घातली होती.

"टोपी," निए म्हणाला.

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली, आणि सरळ मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "मालक, टोपी काढा आणि हा ऐका."

 त्साई मालकांचा चेहरा लाल झाला. "वेई, नियम मलाही आहे."

"नियम माझ्या कानांनी केला. मी केस ऐकला म्हणून तुम्ही टोप्या आणल्यात. तोच नियम आता कानाच्या आड आलाय. दोन मिनिटं काढा, नाहीतर प्रदर्शनात सगळं ग्वांगझो बिनटोपीचं ऐकेल."

मी आलेख टेबलावर ठेवला आणि जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं.  मालकांनी कागदावरची तारीख पाहिली.

"तीन आठवड्यांपूर्वीचा?"

"हो, मालक."

"आणि तू गप्प होतास."

"हो, मालक."

निए म्हणाला, "साहेब, रबराचं डोकं आणि एक म्हातारी, यांच्यावर आपण…"

"म्हातारी नंतर म्हण," वेईताई म्हणाली. "आधी तू काढ टोपी. तुझे केस तर काय, बाजारातून घडवून आणल्यासारखे आहेत. दाखव की."

मंडळातली एक पोरगी फिसकन हसली. मालक उठले. टोपी त्यांनी काढली नाही. "बैठक संपली," एवढं म्हणून गेले.

पण शुक्रवारी सकाळी ते एकटेच माझ्या खोलीत आले. दार आतून लावलं. टोपी काढली. डोक्यावर मधोमध टक्कल होतं, बाजूचे केस काळे रंगवलेले. मी पडद्याकडे पाहत राहिलो. त्यांनी 'शांत दरी' घातला, दोन मिनिटं ऐकला, काढला, टोपी चढवली. "कागद बदल," म्हणाले. आणि दाराशी थांबून, "नोंदीत लिही, बाजाराच्या आवडीनुसार फेरफार."

मी रेघ पाहून कागद बदलला. दुपारी निए नवा नमुना आणि पट्टी घेऊन वेईताईकडे गेला. आता जेवढं गोड बोलता येईल तेवढं गोड बोलत. मालकांनी पैशांचं लाल पाकीट दिलं होतं, तेही पुढे केलं. तिनं पाकिटाला हात लावला नाही.

"माझे कान गेलेत ना? वहीत लिहिलंय. बहिऱ्या बाईची सही कशाला?"

"ताई, ती ओळ आता… नोंद खोडता येत नाही हो. गुणवत्तेचा नियम आहे."

"येते. एक आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण आणि सही. तुझ्या आधीपासून मी तो नियम वाचतेय. रेघ मार, खरं कारण लिही, मग ये."

"खरं कारण म्हणजे मालकांची चूक लिहायची?"

"मी कोणाची चूक लिही म्हणाले? टोपी लिही. टोपीला वाईट वाटणार नाही."

निएनं श्रवण विभागातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पेई नावाच्या बाईला सही करायला सांगितलं. पेई तशी मवाळ, कोणाला उलट न बोलणारी. ती म्हणाली, "वेईताईंचे कान गेले असतील तर माझे कधीचेच गेले, साहेब. मी त्यांच्याकडूनच शिकले." तिसऱ्या क्रमांकाचीनं तेच सांगितलं. शनिवारी विभागातल्या नऊही जणी आपापल्या खोक्यात टोपी मांडीवर घेऊन बसल्या. सोमवारी कँटीनच्या फळ्यावर नावं मावेनात, लिहिणाऱ्याला खडू बारीक करून घ्यावा लागला. त्यात दहावं नाव माझं होतं; शनिवारी मीही माझ्या खोलीत टोपी काढून बसलो होतो. माझं तेंग हे अक्षर त्यानं चुकवलं होतं. मी पुसून नीट केलं.

वेईताई तोवर तळमजल्यावर खोकी दुमडत होती. पॅकिंगच्या बायका म्हणतात, ती कामात चोख होती आणि बोलायला तिखट. सोमवार गेला, मंगळवार गेला. प्रदर्शन दहा दिवसांवर आलं. बुधवारी अकराच्या सुमाराला त्साई मालक तळमजल्यावर उतरले. मागे निए, त्याच्यामागे हेडफोनची पेटी धरून मी. पट्टा चालू होता. मालकांनी तो थांबवायला सांगितला. साठेक माणसं पाहत होती.

मालकांनी नोंदवही उघडून खोक्यांच्या चळतीवर ठेवली. निएच्या ओळीवर आडवी रेघ होती. बाजूला मालकांच्या हाताचं, त्यांच्या त्या अवजड अक्षरात लिहिलेलं होतं : 'ऐकणारी बरोबर होती. टोपी आड आली.' खाली सही, तारीख. सेवापुस्तकातल्या नकलेवरही तेच.

वेईताईनं हात ॲप्रनला पुसले. वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं. तिचे डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत, पुसलेही नाहीत. मग माझ्याकडे हात केला. "आण."

मी पेटी उघडली. तिनं टोपी काढली, हेडफोन घातला आणि उलट्या टोपलीवर बसली. म्हातारा गायला लागला असावा. आम्ही उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. निएनं घड्याळ पाहिलं. पट्टी आणि पेन तयार होतं. मला खात्री होती, आता ती सही करणार. इतकं सगळं झाल्यावर, एवढ्या लोकांसमोर, मालक स्वतः खाली आल्यावर कोण नाही म्हणेल?

पंचवीस मिनिटांनी तिनं हेडफोन काढला, दोन्ही कप नीट जुळवून पेटीत ठेवला.

"नाही," ती म्हणाली.

पॅकिंगमध्ये कोणीतरी "आई गं" म्हणालं. निएनं तोंड उघडलं, मालकांनी त्याला हातानं गप्प केलं.

"श्वास येतोय आता," वेईताई म्हणाली. "पण म्हाताऱ्याचं पोट गेलं. नुसता गळ्यातून गातोय. तेंग घाबरला आणि भसाभसा बेस काढला."

ते खरं होतं. मी घाबरून रेघेच्याही खाली गेलो होतो, म्हणजे कोणी मला पुन्हा जास्त म्हणू नये.

त्साई मालक तिच्यासमोरच्या खोक्यावर बसले. चाओशानच्या माणसाला शोभेल अशी एक शिवी त्यांच्या तोंडापर्यंत आलेली मी पाहिली. ती त्यांनी गिळली. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, साठ माणसांसमोर, टकलासकट.

"किती कमी आहे?" त्यांनी विचारलं.

तेवीस वर्षांत तिला कारखान्यानं चांगला की वाईट एवढंच विचारलं होतं. तिनं पेटी माझ्याकडे सरकवली. मग तिनं अंगठा आणि तर्जनी यांच्यात कागदाएवढं अंतर धरून मला दाखवलं, आणि म्हणाली, "एवढा. आणि डाव्या कपात याच्या निम्मा. जा, करून आण. मी इथेच आहे."